नडगीजवळचं पॅड

१२ जानेवारी

दादा,

काल तू फोन आपटलास. परवाही आपटलास. त्याच्या आदल्या दिवशी उचललाच नाहीस. मला राग आला की माझी वाक्यं तुटतात आणि तू ती अर्ध्यावरून पळवून नेतोस, म्हणून लिहितो आहे. हे पत्र तिसऱ्यांदा उतरवून काढलं आहे. पहिल्या दोन्हींत खाडाखोड झाली होती, आणि एका ठिकाणी असं काही लिहिलं गेलं होतं की ते धाकट्याने थोरल्याला लिहू नये.

आज सकाळी मालकांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना गोळा केलं. हातात वर्तमानपत्र होतं. त्यात तुझा फोटो, कुबडीशिवाय, गाडीला टेकून. "अकरा आठवड्यांनी हंगामाची पहिली शर्यत. आपला ड्रायव्हर परत येतोय!" टाळ्या झाल्या. इंजिनवाल्याने शिट्टी मारली. मग मालक माझ्याकडे वळले. "काय रे बारक्या, भावाच्या मापाची फोमची सीट कधी ओततोस?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते आहे.

बातमीत छापलं आहे की तू 'शंभर टक्के तयार' आहेस. कुठून आणलेस हे शंभर? सात महिन्यांपूर्वी गाडी कठड्यावर आदळली, तेव्हा तुझी डावी नडगी तीन ठिकाणी मोडली आणि घोट्याचा चुरा झाला. आत एक पट्टी आणि अकरा स्क्रू आहेत. डॉक्टरांनी फोटो दाखवला तेव्हा मी स्क्रू मोजले होते, कारण त्या वेळी दुसरं काय करावं ते सुचेना. आपल्या गाडीत ब्रेक डाव्या पायाने दाबायचा असतो. प्रत्येक मोठ्या वळणाला नव्वद किलोचा जोर, एका फेरीत नऊ वेळा, साठ फेऱ्या. आणि तू बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना भिंतीला हात लावतोस. कमरेच्या उंचीवर तिथे तळव्याचा एक लांबट डाग पडला आहे. वहिनीने तो पुसलेला नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे.

मला एवढंच सांग. परत जायचं ठरवण्याआधी तू कोणाला विचारलंस?

बारक्या

*

१७ जानेवारी

बारक्या,

पत्र मिळालं. काय ते अक्षर, काय ते स्वल्पविराम! आठवीत शाळेला रामराम ठोकलास तेव्हा मास्तरांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता, त्यांना हे पत्र दाखवायला हवं. फोनवर उत्तर देणार होतो, पण म्हटलं लिहूनच देऊ. तुला शिव्या जपून ठेवता येतील.

कोणाला विचारलं म्हणतोस? तुला विचारायचं होतं का? माझ्या बुडाचं माप घेतोस म्हणून तू माझा वडील झालास?

बस, आता ऐक. सात महिने मी या घरात लंगडतोय. मी जिना चढायला लागलो की घरातली सगळी माणसं श्वास धरून उभी राहतात. तुझी वहिनी पातेल्यातला चमचासुद्धा हलवायची थांबते. शेजारचे मास्तर रस्त्यात भेटले की आधी माझ्या पायाला नमस्कार करतात, मग मला. गाडीत बसल्यावर पाय दिसत नाहीत, बारक्या. पाय आत जातात, वरून झाकण बसतं, बाहेर उरतं ते डोकं आणि दोन हात. तिथे मी लंगडा नाही. अख्ख्या जगात तेवढी एकच खुर्ची आहे जिथे मी लंगडा नाही, आणि ती खुर्ची बनवणारा माणूस मला विचारतोय की कोणाला विचारलंस.

पाय बरा आहे. व्यायाम घेणारी बाई रोज येते आणि 'छान, छान' म्हणते. परत यायला शर्यत मंडळाची चाचणी द्यावी लागते, तुला माहीत आहे. पूर्ण पोशाखात, पट्टे बांधून बसायचं. शिट्टी झाली की पट्टे सोडायचे, स्टिअरिंग काढायचं आणि दहा सेकंदांच्या आत दोन्ही पायांवर गाडीबाहेर उभं राहायचं. घरीच आरामखुर्ची आणि दोन स्टुलं मांडून सराव सुरू केलाय. नऊ सेकंद येतात. नऊ!

रविवारी कॉकपिटचा सांगाडा आणि फोमचे डबे घेऊन घरी ये. वर्कशॉपवर फोटोवाले घिरट्या घालत असतात. मी विचारत नाहीये, सांगतोय.

दादा

*

२९ जानेवारी

दादा,

रविवारी तुझ्यासमोर बोललो नाही. वहिनीने चहा ठेवला, तो निवला, आणि मी सांगाडा उचलून निघून आलो. तुला वाटलं असेल की मी गप्प बसलो म्हणजे ऐकलं. तसं नाही. साचा कापून पाहिल्याशिवाय मी बोलत नाही.

आता कापून पाहिला आहे.

सीट कशी ओततात ते तुला माहीत आहे, पण तू नेहमी वरून पाहिलं आहेस आणि मी खालून. तू पिशवीवर बसतोस, मी पिशवीत दोन डबे ओततो, फोम फुगतो, गरम होतो आणि पंधरा मिनिटांत तुझ्या पाठीचा होऊन बसतो. त्या पंधरा मिनिटांत ड्रायव्हरने शर्यतीत बसतो तसं बसायचं असतं, डावा पाय ब्रेकवर, पूर्ण जोर लावून. पाय पुढे ढकलला की त्याच बाजूचा कुल्ला मागे रुततो. गेल्या चार वर्षांत तुझ्या पाच सीटा मी केल्या. पाचही सीटांना डावीकडचा खळगा उजवीकडच्यापेक्षा अकरा-बारा मिलीमीटर खोल आहे.

रविवारच्या साच्याला डावीकडे खळगाच नाही. उजवीकडे चौदा मिलीमीटर आहे. म्हणजे मी "दाब" म्हटलं तेव्हा तू उजव्या पायाने सांगाड्याची भिंत ढकलत होतास आणि डावा नुसता पेडलवर ठेवला होतास. चेहरा मात्र अगदी दाबल्यासारखा केला होतास. दात आवळले होतेस. कपाळावर घामही आणला होतास. मला फसवायला तुला एवढे कष्ट पडले याचाच जास्त संताप आला.

व्यायामवाली बाई 'छान' म्हणते, कारण 'छान' म्हणायला ती येते. मालक टाळ्या वाजवतात, कारण गाडीवर तुझा चेहरा रंगवायचा आहे. फोमला तुझ्याकडून काही नको आहे, म्हणून त्याने खरं सांगितलं.

आणि तू एकटा नाहीस तिथे. तू ब्रेक चुकलास तर तुझ्यामागून कोणीतरी येत असेल. त्यालाही भाऊ असेल.

मी ही सीट करणार नाही. एकदा तुला हो म्हटलं होतं. त्याबद्दल आपण दोघं कधी बोललेलो नाही. आता पुन्हा नाही म्हणजे नाही.

बारक्या

*

२ फेब्रुवारी

बारक्या,

वा! एकदा हो म्हटलं होतं म्हणे. आता तूच विषय काढलास, तर होऊन जाऊ दे.

होय, मी तुला म्हणालो होतो की डाव्या नडगीजवळचं पॅड काढ, गुडघा आपटतो, पाय आखडतो. "एवढ्या एका शर्यतीपुरतं काढ," म्हणालो होतो. आणि तू काढलंस. नियमात बसत नाही हे तुला पाठ होतं. आकडे तुझ्या बोटांवर असतात. तरी काढलंस. एका शब्दाने अडवलं नाहीस. आणि गाडी कठड्याला लागली तेव्हा नेमकी तीच नडगी गेली.

मी इस्पितळात पडलेलो असताना चौकशीवाले तिघं आले होते. "पॅड होतं का?" मी म्हणालो, होतं. त्यांनी लिहून घेतलं की धक्क्याने निखळून पडलं असावं. अंगात ताप, पाय टांगलेला, आणि तरी मी पहिला विचार तुझा केला. एक वाक्य वेगळं बोललो असतो तर आज तू कुठे असतास? कोणत्या वर्कशॉपच्या दारात तुला उभं केलं असतं?

आणि आता तू मला नाही म्हणतोस. माझाच पाय घालवून मलाच पायाचं शहाणपण शिकवतोस. आठवीत गटांगळ्या खात होतास तेव्हा हाताला धरून वर्कशॉपमध्ये कोणी आणलं? फोम आणि साबणाचा फेस यांतला फरक कोणी दाखवला? मांजर व्हायला निघालेल्याला मी वाघ केलं, आणि पहिली डरकाळी माझ्यावरच!

जळतोस का रे? खरं सांग. गाडीत बसायची छाती झाली नाही म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांच्या बुडाखाली फोम भरत राहिलास. मी घरी बसलो की दोघं सारखे होऊ, असं वाटतं का?

सीट पंधरा तारखेपर्यंत हवी. नाही मिळाली तर मला चौकशीवाल्यांना पत्र लिहिता येतं. तुझ्याइतकं शुद्ध नाही, पण त्यांना समजेल इतपत येतं.

दादा

*

९ फेब्रुवारी

दादा,

तुला पत्र लिहायचे कष्ट नकोत. मी लिहिलं आहे.

बुधवारी अकरा वाजता मालकांच्या केबिनमध्ये गेलो. एक पान होतं, दोन प्रती. 'पॅड धक्क्याने निखळलं नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता मी ते चार स्क्रू काढून काढलं. हे नियमाविरुद्ध आहे हे मला माहीत होतं.' एक प्रत त्यांना दिली, दुसरी चौकशी समितीला टपालाने पाठवली. तू सांगितलंस म्हणून काढलं, असं लिहिलेलं नाही. तू सांगितलं होतंस हे खरं आहे, पण स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता.

मालकांनी पान वाचलं. परत वाचलं. मग म्हणाले, "अरे मूर्खा, तुला विचारलं कोणी?" बघ, घरातही हाच प्रश्न आणि तिथेही हाच. न विचारता खरं बोललेलं कोणालाच आवडत नाही.

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. मी ठेवली. नऊ वर्षं खिशात होती, खिशाच्या अस्तराला तिचा आकार पडला आहे. माझ्या खणातून मी फक्त एक वस्तू घेतली. तेच पॅड. त्या दिवशी काढल्यावर मी ते फडक्यात गुंडाळून खणाच्या तळाशी ठेवलं होतं, शर्यत झाली की परत बसवायचं म्हणून. तू इस्पितळात होतास तेव्हा मी रोज खण उघडून बघायचो की ते खरंच तिथेच आहे का. ते तिथेच असायचं. तुझ्या नडगीजवळ असायला हवं होतं.

आता तुझ्याकडे मला धमकावायला काही उरलं नाही. तू लिहिलंस की जळतोस का. होय, जळतो. पण तू गाडी चालवतोस म्हणून नाही. तू 'काढ' म्हणालास आणि विसरलास. मी काढलं, आणि तेव्हापासून धड जेवलो नाही. माझा सगळा राग त्या एका 'हो'वर आहे. तू मागितलंस म्हणून तुझ्यावर आणि मी दिलं म्हणून माझ्यावर. त्यातला कोणता जास्त ते मला अजून मोजता आलेलं नाही.

दुसऱ्या कोणाकडून सीट करून घ्यायची तर घे. बसच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात मला काम मिळालं आहे. इथली सीट कोणाच्याच मापाची नसते, त्यामुळे कोणी तक्रार करत नाही.

बारक्या

*

२० फेब्रुवारी

भाऊजी,

तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. हे वाचून टेबलावर टाकतात आणि मी ती उचलते. न विचारता वाचली, त्याबद्दल क्षमा मागत नाही. या घरात विचारून कोणीच काही करत नाही.

तुमचं शेवटचं पत्र ह्यांनी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी मालकांना फोन करून म्हणाले, "माझ्या भावाला काढलंत तसं मलाही काढा." मालक गोड बोलले. फोन ठेवल्यावर ह्यांनी तुम्हालाच शिव्या घातल्या. मालकांनी कोणी दुसरा माणूस पाठवला होता, त्याने सीट केली. त्याने साचा कापूनबिपून काही पाहिला नाही.

मी लिहिते आहे ते वेगळ्यासाठी. तुम्ही त्यांना नाही म्हणालात. तुमचा मला राग आला होता, कारण ते काम माझं होतं आणि माझ्याने झालं नाही.

ते तुम्हाला नऊ सेकंद म्हणून लिहितात ना? ते सेकंद मी मोजते. आरामखुर्चीत हे पट्टे म्हणून दोन ओढण्या बांधून बसतात, मी 'चला' म्हणते आणि मोठ्याने एक, दोन, तीन म्हणत जाते. पहिल्या दिवशी मी खरं मोजलं होतं. एकवीस झाले. ह्यांनी स्टूल उचलून कपाटावर घातलं. काच गेली. दुसऱ्या दिवशी मी थोडं हळू मोजलं. सतरा आले. ह्यांनी मला जवळ घेतलं. अपघातानंतर पहिल्यांदा. मग काय, मी रोज थोडं थोडं हळू मोजत गेले. आता माझा एक सेकंद केवढा झाला आहे ते मलाच कळत नाही. एकदा चोरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. माझे नऊ म्हणजे खरे चौदा.

भाऊजी, गाडीला आग लागली तर ती माझ्यासारखं हळू मोजणार नाही.

हे मी त्यांना सांगू शकत नाही. सांगितलं तर त्यांचे पाच सेकंद जातील आणि माझं काय जाईल ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही सांगा असंही म्हणवत नाही. पण तुम्हाला हे माहीत नसतं तर मला झोप लागली नसती. आता तुम्हाला लागणार नाही. तुम्हाला तशीही लागत नाही, म्हणून तुम्हाला निवडलं.

वहिनी

*

४ मार्च

दादा,

या पत्रासोबत एक खोकं आहे. आधी पत्र वाच, मग खोकं उघड. तू उलटं करशील हे मला माहीत आहे.

तुझी चाचणी एकवीस तारखेला आहे असं वर्तमानपत्रात आलं आहे. मी तुला 'जाऊ नकोस' म्हणून थकलो. आता फक्त मापं लिहितो.

माझ्या खोलीत मी प्लायवूडचा कॉकपिट केला आहे. मापं पाठ होती. काठ, पेडल, स्टिअरिंगची उंची, सगळं जिथल्या तिथे. घरमालकीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "यात कोणाला निजवणार आहेस रे बाबा?" मी म्हटलं, कोणाला निजवायला लागू नये म्हणूनच केला आहे. त्यांना पटलं नाही. भाडं वेळेवर देतो म्हणून गप्प बसल्या.

जानेवारीत त्या रविवारी तुझ्या घरी साचा घेतला तेव्हा तुझ्या डाव्या पायाचंही माप घेतलं होतं. तू मोबाइल बघत होतास. पोटरी पहिल्यापेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक झाली आहे आणि नडगी मधोमध किंचित बाहेर वाकली आहे. जुनं पॅड त्या पायाला बसणार नाही. म्हणून जुन्याच्या गाभ्यावर नव्या पायाच्या मापाचं पॅड केलं आहे. ते खोक्यात आहे. चार स्क्रूंची भोकं जुन्याच जागी आहेत. नव्या सीटवाल्याने त्या जागी काही बसवलेलं नाही. मी त्याला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "ड्रायव्हरने नको सांगितलं." मला आश्चर्य वाटलं नाही. नुसता राग आला.

आता नीट वाच. मी घोट्याला पट्टी आणि लाकडी फळी बांधली, म्हणजे तो तुझ्या घोट्याएवढाच वळेल. तसा बसून बाहेर पडायचा सराव केला. पॅड नसताना चाळीस वेळा, पॅड असताना चाळीस वेळा. पॅड नसताना सरासरी आठ पूर्णांक नऊ सेकंद. पॅड असताना दहा पूर्णांक सात. पॅडमुळे पाय सरळ वर येत नाही, आधी मागे घ्यावा लागतो.

म्हणजे सराव करून माझ्या वेगाला आलास, तरी पॅड लावलंस तर तू बहुतेक नापास होशील. काढलंस तर बहुतेक पास होशील. हे मी आधीच लिहून देतो आहे, नंतर म्हणू नकोस की बारक्याने डाव साधला. चाचणीत पॅड आहे की नाही हे तपासायला निरीक्षक आत वाकून बघत नाहीत, हेही तुला माहीत आहे आणि मलाही. आपण दोघांनी मागच्या वेळी तेच गृहीत धरलं होतं.

खोक्यात माझं स्टॉपवॉचही आहे. सराव त्याच्यावर कर. तोंडाने मोजलेल्यावर करू नकोस. माणूस मोजतो तेव्हा त्याला कोणाचं तरी भलं करायचं असतं. घड्याळाला तसं काही नसतं. यावरून घरात कोणालाही एक शब्द बोललास, तर मी तिथे येईन आणि या वेळी माझी वाक्यं तुटणार नाहीत.

मी पुन्हा 'हो' म्हटलेलं नाही. तू बसू नयेस असंच मला वाटतं. पण बसलास, तर हे लावून बस.

बारक्या

*

२३ मार्च

बारक्या,

खोकं आधी उघडलं.

तुझं ते घड्याळ पहिल्याच दिवशी चौदा म्हणालं. मी ते झटकलं, कानाला लावलं, पुन्हा केलं. चौदा. मग मी हिच्याकडे पाहिलं. ती भांडी पुसत होती, आणि पुसून झालेलीच ताटली पुन्हा पुसायला लागली. मला समजलं. एवढा राग आला, बारक्या, की स्टुलाला हात गेला. मग कपाटाच्या दाराकडे लक्ष गेलं. काचेच्या जागी तिने पुठ्ठा लावला होता, चारी बाजूंनी चिकटपट्टी अगदी सरळ. स्टूल खाली ठेवलं. तिला काही बोललो नाही. तुझ्या धमकीला घाबरून नाही, उगाच फुशारू नकोस.

पुढचे तेरा दिवस मी असा खपलो आहे की व्यायामवाली बाई 'छान' म्हणायची विसरली. चौदावरून बारा, बारावरून अकरा.

परवा चाचणी झाली. पॅड लावलं होतं. मीच लावलं, चारही स्क्रू. का लावलं ते विचारू नकोस, मला माहीत नाही. कदाचित तू चूक आहेस हे दाखवायला. पॅड लावूनही पास होऊन तुझं ते चाळीस-चाळीस वेळाचं गणित तुझ्या तोंडावर मारायला. शिट्टी झाली. पट्टे सुटले, स्टिअरिंग सुटलं, उजवा पाय बाहेर, डावा मागे घेतला, वर घेतला, उभा राहिलो. निरीक्षकाने घड्याळ फिरवून दाखवलं. दहा पूर्णांक सहा.

दुसरी संधी देतात. अर्ध्या तासाने. निरीक्षक पाणी प्यायला बाहेर गेला. खोलीत मी, मालक आणि गाडी. मालक कॉकपिटच्या कडेवर हात ठेवून वाकले, आत बघितलं आणि अगदी मायेने म्हणाले, "एवढ्या एका चाचणीपुरतं काढ ना रे. नंतर परत बसवू."

माझा हात गेला होता, बारक्या. खोटं कशाला बोलू? स्क्रूड्रायव्हर मालकांनीच पुढे केला आणि मी तो घेतला. पहिला स्क्रू अर्धा फिरवला. आणि मग ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. 'एवढ्या एका.' हे माझं वाक्य होतं. शब्द न् शब्द माझा. आणि ऐकणारा तू होतास, पंचविशीही न गाठलेला, हातात स्क्रूड्रायव्हर घेतलेला, आणि मी तुझा दादा. तू नाही कसं म्हणणार होतास? कोणाच्या जोरावर?

एवढे दिवस मी म्हणत होतो की तू माझा पाय घालवलास. मी स्वतःलाही ते पटवून दिलं होतं. त्या अर्ध्या फिरलेल्या स्क्रूपाशी ते मोडलं.

मग मी मालकांना काय काय बोललो ते लिहीत नाही, कागद फाटेल. बाजूला काढून ठेवलेलं स्टिअरिंग उचलून त्यांच्या पायाशी आपटलं. ते मोडलं. निरीक्षक धावत आत आला, "काय झालं, काय झालं?" मी म्हटलं, दुसरी संधी नको, पहिलीच लिहा, दहा पूर्णांक सहा, नापास. आणि कुबडी न घेता फाटकापर्यंत चालत गेलो. बाहेर आल्यावर मात्र एका भिंतीला धरून बराच वेळ उभा होतो. तिलाही आता माझा डाग पडला असेल.

हा हंगाम गेला. पुढचा बघायचा की नाही ते मी ठरवीन. तू नाही, ही नाही, डॉक्टर नाहीत. मी सुधारलो असं समजून हुरळून जाऊ नकोस. तुझ्यावरचा राग तसाच आहे. खरं बोललास म्हणून आहे, माझ्या आधी बोललास म्हणून जास्त आहे. चौकशीवाल्यांना मीही लिहिलं आहे. 'काढायला मी सांगितलं होतं.' एवढंच. एका ओळीत तीन चुका केल्या असतील, येऊन तपास.

पॅड आणलं आहे. माझ्यासमोर टेबलावर पडलंय. एका स्क्रूचं भोक जरा खरवडलं गेलंय, ते माझ्या हातून.

आणि तुझ्या आकड्यांचा फार तोरा आहे ना तुला? दहा पूर्णांक सात लिहिलं होतंस. दहा पूर्णांक सहा झाले. एका दशांशाने चुकलास. चूक कबूल करायला रविवारी ये. जेवायलाच ये, धड जेवला नाहीस म्हणतोस ना. तुझं घड्याळ घेऊन जा, मला ते घरात नको आहे.

दादा